दात काढण्यापूर्वी विचारायचा प्रश्न

भिलाईच्या टाउनशिपजवळचे एक घर डोळ्यांसमोर आणा. पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि त्यानंतरच्या वर्षांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे इथे नोकरीला आली. विदर्भातूनही अनेक कुटुंबे आली आणि इथलीच झाली. या घरातले आजोबा त्यांपैकीच एक. भंडारा जिल्ह्यातून तरुणपणी आले, सेक्टरच्या क्वार्टरमध्ये संसार केला, निवृत्तीनंतर भिलाईतच घर बांधले.

आजोबांच्या तोंडात आता एकही दात नाही. वरची कवळी नीट बसते. पण खालची मात्र भाकरीचा तुकडा चावला की उचलली जाते. तीन वेळा नवी करून झाली. "हल्लीच्या लोकांना कवळी करताच येत नाही," असे त्यांचे ठाम मत आहे. जेवायला बसताना ते खालची कवळी काढून पाण्याच्या वाटीत ठेवतात आणि मऊ भात, वरण कालवून खातात.

याच घरातली नात तेवीस वर्षांची. शाळेत शिकवते. पावसात तिची स्कूटर घसरली आणि वरचा पुढचा दात दुखावला. एक्स-रे काढला तेव्हा कळले की दाताचे मूळच हिरडीच्या आत खोलवर तडकले आहे. दात वाचण्यासारखा नाही. आजोबा म्हणाले, "मग आजच काढून टाका. दुसरा बसवायचं नंतर बघू."

आजोबांचे हे वाक्य मराठी घराघरांत बोलले जाते. त्यातले पहिले वाक्य चुकीचे नाही. तडकलेल्या मुळाचा दात काढावाच लागतो. घात करतो तो दुसऱ्या वाक्यातला 'नंतर' हा शब्द. कारण दात निघाल्यानंतर जबड्याचे हाड कुणासाठी थांबत नाही. आजोबांची कवळी का बसत नाही आणि नातीने आज काय विचारले पाहिजे, या दोन्ही गोष्टींचे उत्तर एकाच ठिकाणी आहे.

दातासाठी आलेले हाड

जबड्याचे हाड आपल्याला एकसंध वाटते. पण त्याचे दोन भाग मानता येतात. खालचा पाया कायमचा. त्याच्यावर दातांची मुळे धरून ठेवणारा जो उंचवटा असतो, तो मात्र दातांमुळेच तयार होतो. दात उगवतात तसे हे हाड वाढते, दात चावण्याचे काम करतात तोवर टिकते आणि दात गेले की झिजू लागते. ज्यांना जन्मतःच काही दात येत नाहीत, त्यांच्या जबड्यात त्या जागी हा उंचवटा नीट तयारच होत नाही.

दाताचे मूळ हाडाला थेट चिकटलेले नसते. मध्ये बारीक तंतूंचा एक पातळ थर असतो. या तंतूंची टोके खळग्याच्या आतल्या भिंतीत रुतलेली असतात आणि त्या भिंतीला रक्तपुरवठ्याचा एक भाग याच तंतूंच्या थरातून मिळतो. दात काढला की तंतू तुटतात, तो पुरवठाही तुटतो आणि खळग्याच्या आतले अस्तर शरीर हळूहळू विरघळवून टाकते.

मागच्या बाजूला, म्हणजे टाळूच्या किंवा जिभेच्या बाजूला, हाडाची भिंत जाड असते. अस्तर गेले तरी तिचा बराच भाग उरतो. ओठाच्या बाजूची भिंत मात्र पुढच्या दातांपाशी अतिशय पातळ असते. बहुतेकांच्या बाबतीत ती एक मिलिमीटरपेक्षाही कमी भरते. तिथे अस्तर म्हणजेच भिंत. ते गेले की भिंतच गेली. मातीच्या भिंतीत पक्की बसलेली खुंटी हिसडा देऊन उपटली, तर खुंटीबरोबर भोवतालचा गिलावाही निघतो. मग नवी खुंटी ठोकायची कशात? दाताचेही तसेच.

किती झिजते, केव्हा झिजते?

'झिजायला वर्षे लागत असतील,' असे अनेकांना वाटते. तसे नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००३ साली दाढा आणि उपदाढा काढलेल्या रुग्णांची वर्षभराची मोजमापे प्रसिद्ध केली. एका वर्षात त्या जागची रुंदी जवळजवळ निम्मी झाली होती आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. २०१२ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात पहिल्या सहा महिन्यांत हाडाची रुंदी २९ ते ६३ टक्के आणि उंची ११ ते २२ टक्के कमी होते, असे दिसले.

पहिले वर्ष सर्वात जास्त झिजीचे. पण झीज तिथे थांबतही नाही. अँट्जे टॅलग्रेन या संशोधिकेने पूर्ण कवळी वापरणाऱ्यांचा पंचवीस वर्षांचा मागोवा घेऊन १९७२ साली त्याचे निष्कर्ष मांडले. हाड वर्षानुवर्षे कमी होतच राहते आणि खालच्या जबड्यात ही घट वरच्या जबड्याच्या सुमारे चौपट असते, असे तिला आढळले.

आजोबांच्या तक्रारीचे उत्तर इथे आहे. वरची कवळी टाळूच्या रुंद भागावर हवेच्या दाबाने घट्ट बसते. खालच्या कवळीला तसा आधार नाही. ती बसते हाडाच्या उंचवट्यावर. तो उंचवटाच झिजून सपाट झाला, तर उत्तम कारागिराने केलेली कवळीही जिभेच्या हालचालीने हलणारच. गेल्या चाळीस वर्षांत दुखला की काढ, हलला की काढ, अशा रीतीने एकेक दात गेला. प्रत्येक वेळी ठणका थांबला म्हणून हायसे वाटले. पण प्रत्येक दाताबरोबर थोडे हाडही जात होते, ते दिसले नाही.

चेहऱ्यावर काय दिसते?

हिरडी ही हाडावर अंथरलेल्या चादरीसारखी असते. खाली हाड असेल तशी ती वर-खाली होते. पुढच्या दाताजवळचे हाड आत बसले की ओठाखाली खड्डा पडतो, हिरडीची कड वर सरकते आणि नवा दात बसवला तरी तो शेजाऱ्यापेक्षा लांब दिसतो. हसताना डोळ्यांना खटकते, पण नेमके काय खटकते ते सांगता येत नाही.

दोन दातांच्या मध्ये हिरडीचे एक छोटे त्रिकोणी टोक असते. ते नाहीसे झाले की दातांमध्ये काळी फट दिसते. दोन दात जिथे एकमेकांना टेकतात, तिथून खालच्या हाडापर्यंतचे अंतर पाच मिलिमीटर किंवा कमी असेल, तर हे टोक जवळजवळ नेहमी फट भरून काढते. अंतर सहा मिलिमीटर झाले की जवळपास निम्म्याच ठिकाणी, असे १९९२ सालच्या एका प्रसिद्ध अभ्यासात दिसले होते. म्हणजे एका मिलिमीटरचा हा खेळ आहे. म्हणूनच पुढच्या दाताच्या बाबतीत 'काढू आणि मग बघू' हे धोरण महागात पडते.

सर्वात चांगला उपाय: दात न काढणे

हाड टिकवण्याचा उत्तम उपाय म्हणजे ज्याच्यासाठी ते आहे तो दात टिकवणे. किडून ठणकणारा दात बऱ्याचदा रूट कॅनाल करून आणि वर टोपी बसवून कित्येक वर्षे वापरता येतो. हिरड्यांच्या आजाराने किंचित हलू लागलेले दातही वेळीच खोल सफाई केली, तर पुष्कळदा स्थिरावतात. त्यामुळे 'काढू या' असे कुणी म्हटले की पहिला प्रश्न असावा : 'हा दात वाचवता येईल का? आला तर किती वर्षांसाठी?' शंका असेल तर दुसऱ्या दंतवैद्याचे मत घेण्यात संकोच नको.

अपघातात अख्खा दात मुळासकट बाहेर पडला, तर तो फेकू नका. मूळ न घासता, दाताचा वरचा भाग धरून तो उचला. कायमचा दात असेल तर माती लागलेली हलकेच धुऊन जागच्या जागी परत बसवता येतो. ते जमत नसेल तर थंड दुधात ठेवून अर्ध्या-पाऊण तासात दवाखाना गाठा. लहान मुलाचा दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

सगळे दात काढायची वेळ आली तरी दोन मुळे राखता येतात का, हे पाहावे. खालच्या सुळ्यांची मुळे निरोगी असतील, तर त्यांवर उपचार करून, ती हिरडीच्या पातळीला कापून, त्यांच्यावर कवळी बसवता येते. १९७८ सालच्या एका अभ्यासात पाच वर्षांनंतर अशा रुग्णांच्या खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातली झीज सरासरी ०.६ मिलिमीटर, तर सर्व दात काढलेल्यांमध्ये ५.२ मिलिमीटर भरली होती. जबड्यात राहिलेल्या नुसत्या दोन मुळांनी केलेली ही राखण आहे.

काढायचाच असेल तर कसा?

नातीचा दात वाचणार नाही, हे नक्की झाले. आता दुसरा प्रश्न येतो आणि तोच या लेखाचा मुख्य प्रश्न आहे : 'डॉक्टर, दात काढल्यावर या जागेचे पुढे काय करायचे आहे?' हा प्रश्न दात काढण्यापूर्वी विचारायचा असतो. कारण उत्तरावर दात कसा काढायचा, तेही ठरते.

पुढे जागा भरायची असेल, तर दात ओठाच्या बाजूला जोराने वाकवून काढत नाहीत. पातळ पात्याच्या हत्याराने मुळाभोवतीचे तंतू सावकाश कापतात. गरज पडली तर मुळाचे तुकडे करून एकेक काढतात. त्याला वेळ लागतो. दात काढायला पाऊण तास लागला म्हणजे डॉक्टर नवशिके, असे समजू नये. ती पातळ भिंत वाचवण्यासाठीच तो वेळ दिलेला असतो.

यानंतर खळगा स्वच्छ करून त्यात हाडाची पूड किंवा दाणे भरतात. वर एक पातळ पडदा ठेवतात आणि टाके घालतात. यालाच दंतवैद्य 'सॉकेट प्रिझर्व्हेशन' म्हणतात. भरलेले दाणे सांगाड्याचे काम करतात. रक्ताची गुठळी त्यांच्यात स्थिर राहते, हळूहळू त्यांच्यामध्ये आपले स्वतःचे हाड तयार होते. पडद्याचे काम वेगळे : हिरडीच्या पेशी भराभर वाढतात, हाडाच्या सावकाश, पडदा हिरडीला खळग्यात घुसू देत नाही. साधारण चार ते सहा महिन्यांत जागा इम्प्लांटसाठी तयार होते.

खळग्यात भरतात ते काय असते?

हा प्रश्न घरच्यांनी मोकळेपणाने विचारावा. भरण्याचे पदार्थ मुख्यतः चार प्रकारचे. पहिला, रुग्णाच्याच जबड्यातून घेतलेले हाड. दुसरा, मृत्यूनंतर किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी दान केलेले मानवी हाड, प्रक्रिया करून निर्जंतुक केलेले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक १९८८ पासून अशा ऊती गॅमा किरणांनी निर्जंतुक करून पुरवत आली आहे आणि भारतातल्या दंतवैद्यांनी तिथले हाड हिरड्यांच्या व जबड्याच्या उपचारांत वापरले आहे. तिसरा प्रकार प्राण्यांच्या हाडापासून केलेला. त्यातला सर्वात जास्त वापरला जाणारा पदार्थ गायीच्या हाडापासून बनतो. चौथा कृत्रिम, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या संयुगांचे दाणे.

पडदेही अनेकदा प्राण्यांच्या कोलॅजेनपासून, म्हणजे गाय किंवा डुक्कर यांच्या ऊतींपासून तयार होतात. अनेक कुटुंबांना हे आधी माहीत नसते आणि नंतर कळल्यावर वाईट वाटते. धार्मिक किंवा वैयक्तिक कारणाने एखादा पदार्थ नको असेल, तर तसे आधीच सांगावे. कृत्रिम दाणे आणि इतर पडदे उपलब्ध असतात; डॉक्टरांना यात काही वावगे वाटत नाही.

आणखी एक पद्धत रुग्णाच्याच रक्ताची. हातातून थोडे रक्त घेऊन ते यंत्रात वेगाने फिरवतात आणि त्यातून जेलीसारखा एक गोळा मिळतो. फ्रान्समधल्या जोसेफ शुक्रून यांनी २००१ साली ही पद्धत मांडली. तिने हिरडी लवकर भरून येते आणि दुखणे कमी होते, असे दिसते. मात्र हाड राखण्याच्या बाबतीत तिचा पुरावा तितका भक्कम नाही.

अपेक्षा किती ठेवावी?

जाहिरातीत 'हाड शंभर टक्के सुरक्षित' असे वाचले, तर विश्वास ठेवू नका. खळगा भरल्याने झीज कमी होते, थांबत नाही. कॉक्रेन या संस्थेने २०२१ साली उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला. नुसता दात काढण्याच्या तुलनेत खळगा भरल्याने रुंदी सरासरी सव्वा मिलिमीटरच्या आसपास आणि उंचीही जवळपास तितकीच जास्त राहिली. पुरावा फारसा बळकट नाही, अशी नोंदही त्या आढाव्यात आहे. पुढच्या दाताला एक मिलिमीटर पुष्कळ असतो. मागच्या दाढेला त्याचा तितका फरक पडेलच असे नाही.

म्हणून हा उपचार सरसकट सर्वांना लागत नाही. अक्कलदाढ काढल्यावर तिथे काही बसवायचे नसते; तिचा खळगा भरून पैसे घालवण्यात अर्थ नाही. मागची दाढ काढली, हाड भरपूर आहे आणि दोन-तीन महिन्यांत इम्प्लांट बसवायचे आहे, तर कित्येकदा निसर्गाच्या भरवशावर सोडले तरी चालते. तीव्र पू झालेला असेल, तर आधी तो आटोक्यात आणावा लागतो. याउलट पुढचा दात, ओठाकडची भिंत पातळ किंवा तुटलेली, आणि इम्प्लांट बसवायला काही महिने लागणार, अशा वेळी खळगा भरण्याचा खर्च सार्थकी लागतो. नंतर आत बसलेल्या हाडावर वेगळी शस्त्रक्रिया करून ते वाढवणे जास्त कष्टाचे आणि जास्त खर्चाचे असते.

'दात काढताना त्याच दिवशी इम्प्लांट बसवला तर हाड झिजणार नाही ना?' असेही विचारले जाते. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी पन्नासच्या दशकात पाहिले आणि १९६५ साली पहिल्या रुग्णावर त्याचा उपयोग केला. तो शोध मोठाच होता. पण त्याच दिवशी बसवलेला इम्प्लांट ओठाकडच्या भिंतीची झीज थांबवू शकत नाही, हेही पुढे स्पष्ट झाले. योग्य रुग्णात ही पद्धत चांगली आहे. पण त्यात हाड वाचते असे नव्हे, वेळ वाचतो. मुलामुलींची वाढ पूर्ण होईपर्यंत मात्र इम्प्लांट बसवत नाहीत, कारण जबडा वाढतो आणि इम्प्लांट तिथेच राहतो.

मधल्या काळातला दात

शाळेत शिकवणाऱ्या नातीला चार-सहा महिने पुढे फट ठेवून वर्गात उभे राहायचे नाही. तशी गरजही नाही. शेजारच्या दातांना मागून चिकटवलेला तात्पुरता दात किंवा काढता-घालता येणारा छोटा दात बसवता येतो. इथे एक काळजी : तात्पुरत्या दाताने ताज्या जखमेवर दाब देता कामा नये. जखम भरू लागल्यावर मात्र त्याचा खालचा भाग गोलसर करून हिरडीला हळुवार आधार दिला, तर हिरडीची कमान आणि मधली टोके बऱ्यापैकी टिकतात.

इम्प्लांट परवडत नसेल तर ब्रिज हा पर्याय आहेच. त्यात शेजारचे दात थोडे घासावे लागतात. ब्रिजच्या कृत्रिम दाताखालचे हाड बसले, तर तिथे फट पडते आणि अन्न अडकते. म्हणून ब्रिज करायचा असला तरी पुढच्या दाताचा खळगा जपण्याला अर्थ आहे.

दात काढल्यानंतरचे आठ दिवस

चांगला उपचारही घरी बिघडू शकतो. खळग्यातली रक्ताची गुठळी हीच भरून येण्याची पहिली पायरी. ती निघाली तर हाड उघडे पडते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कानापर्यंत ठणका लागतो. म्हणून :

• दिलेला कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून ठेवा. सारखा काढून पाहू नका.

• पहिले चोवीस तास चूळ भरू नका, थुंकू नका, नळीने पिऊ नका. लाळ गिळून टाका.

• गालावर बाहेरून बर्फ लावा. शेक देऊ नका. लवंगेचे तेल, हळद, तुरटी जखमेत भरू नका.

• दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच, न खळखळवता तोंड धुवा.

• मऊ, कोमट अन्न घ्या. खळगा भरला असेल तर एखाद-दुसरा दाणा बाहेर येतो, घाबरू नका. पडदा सुटला किंवा पू आला, तर लगेच दाखवा.

आणि तंबाखू. छत्तीसगडमध्ये गुडाखू घरोघरी माहीत आहे. तंबाखू आणि गूळ यांची ती काळपट लुगदी बोटाने दातांना, हिरड्यांना चोळतात, बायकाही चोळतात. महाराष्ट्रात तेच काम मिश्री करते. दात साफ होतात, ठणका थांबतो, अशी समजूत. प्रत्यक्षात तंबाखूने हिरड्यांचा रक्तपुरवठा आणि जखम भरण्याची ताकद कमी होते, हाडाची झीज वाढते, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत छत्तीसगडमधले ३९.१ टक्के आणि महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. खळग्यात महागडे दाणे भरायचे आणि चौथ्या दिवशी त्यावर गुडाखू चोळायची, हे केलेल्या कामावर पाणी ओतणे झाले. बिडी-सिगारेटलाही हाच नियम.

मधुमेह असेल तर दात काढण्यापूर्वी साखर आटोक्यात आहे का, ते पाहावे. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्याची गोळी किंवा काही महिन्यांनी इंजेक्शन घेत असाल, तर दंतवैद्याला आवर्जून सांगा. या औषधांमुळे क्वचित जबड्याची जखम भरत नाही. रक्त पातळ करणारी औषधेही सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका.

आजोबांसाठी आता काही करता येईल?

येईल. गेलेले हाड पूर्वीसारखे परत येत नाही, हे खरे. पण खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी बटणासारखी अडकवता येते. सगळे दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा, असे मत २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी मांडले होते. ऐंशीच्या घरातल्या माणसालाही, प्रकृती बरी असेल तर, हा उपचार झेपतो. तो नको असेल तर जुन्या कवळीला आतून नवे अस्तर देणे, रात्री ती काढून ठेवणे आणि वर्षातून एकदा तपासून घेणे एवढे तरी करावे. सैल कवळी घासत राहिली की हिरडी सोलवटते. भरून न येणारा व्रण तोंडात दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला, तर तो दाखवलाच पाहिजे.

उपचार कुठे करायचे? हिरड्यांचे तज्ज्ञ, मुख शल्यचिकित्सक आणि कृत्रिम दातांचे तज्ज्ञ, या तिघांचा सल्ला एका छपराखाली मिळण्याची जागा म्हणजे दंत महाविद्यालयाचे रुग्णालय. दुर्ग-भिलाई परिसरात खासगी दंत महाविद्यालये आहेत. रायपूर आणि नागपूर इथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथे वेळ जास्त लागतो, खेपा जास्त होतात. पण खर्च सहसा खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. दाणे, पडदा आणि इम्प्लांट यांची किंमत वेगळी द्यावी लागते का, हे आधी विचारून घ्यावे.

पाच प्रश्न

दात काढायला खुर्चीवर बसण्यापूर्वी हे पाच प्रश्न विचारा. कागदावर लिहून नेले तरी हरकत नाही.

१. हा दात वाचवता येईल का?

२. काढल्यावर या जागी काय बसवायचे आणि केव्हा?

३. ओठाकडची हाडाची भिंत शाबूत आहे का? खळगा भरण्याची खरोखर गरज आहे का?

४. भरायचा असेल तर कशाने, आणि सगळा खर्च किती?

५. मधल्या काळात दिसायला आणि चावायला काय सोय?

ठणका असह्य असेल किंवा सूज पसरत असेल, तर मात्र प्रश्नांसाठी उपचार लांबवू नका. आधी जीव सांभाळायचा. एरवी दोन-चार दिवस विचाराला घेतल्याने काही बिघडत नाही.

त्या घरात नातीने आजोबांसमोर हे प्रश्न विचारले, तर त्यांना राग येण्याचे कारण नाही. त्यांच्या काळात हे प्रश्न विचारायची सोय नव्हती. दुखणे थांबवणे हाच उपचार होता. 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण त्यांच्या पिढीने नशीब म्हणून स्वीकारली. नातीने मात्र तिचा दात निघण्याआधी चार दिवस विचाराला घ्यावेत. आणि दवाखान्यात जाताना आजोबांनाही सोबत न्यावे. पाण्याच्या वाटीत ठेवलेल्या त्या खालच्या कवळीबद्दलही डॉक्टरांना विचारता येईल.